सुट्टीतील सलग दिवस आणि समकालीन कादंबऱ्या

पानोपानी (धागाकर्ती)

सुट्टी जवळ आली की पुस्तकांच्या याद्या फिरू लागतात आणि त्यांतील बहुतेक याद्यांमागे एकच गृहीतक असते. सुट्टीत माणूस थकलेला असतो, म्हणून त्याला हलकेफुलके, पटकन संपणारे आणि तितक्याच पटकन विसरता येणारे काहीतरी द्यावे, असे हे गृहीतक. कित्येक वर्षे मीही त्याच समजुतीने पुस्तके निवडत होते. सुट्टीच्या शेवटी चार-पाच पुस्तके हातावेगळी झालेली असत, पण काही वाचले असे मनाला वाटत नसे. मग एका वर्षी, दुसरे काहीच हाताशी नव्हते म्हणून, फळीवर धूळ खात पडलेली जवळजवळ सहाशे पानांची कादंबरी उचलली आणि ती सुट्टी मला आजही दिवसवार आठवते. कोणत्या दुपारी कोणते प्रकरण वाचत होते, कोणत्या पानाशी थांबून खिडकीबाहेर पाहत बसले होते, हे सगळे लक्षात राहिले आहे.

त्यावर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. एरवी आपल्याला वेळ अजिबात मिळत नाही असे नाही. तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. प्रवासात वीस मिनिटे, झोपण्यापूर्वी दहा पाने, एखाद्या रविवारी तासभर. अशा तुटक वेळात लघुकथा, लेख, चरित्रातले एखादे प्रकरण चांगले वाचून होते. मोठ्या कादंबरीचे मात्र हाल होतात. कोण कोणाचा काका, कोणी कोणाचे देणे लागत होते, मागच्या प्रकरणात कोण रागावून निघून गेले होते, हे आठवण्यातच निम्मा वेळ जातो, आणि दोष आपण कादंबरीला देतो. सुट्टीत आपल्याला सलग चार-आठ दिवस मिळतात आणि वर्षातून तेवढेच मिळतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की जी कादंबरी तुम्ही 'कधीतरी निवांत वाचू' म्हणून बाजूला ठेवली आहे, तिच्यासाठीच ही सुट्टी राखून ठेवा. समकालीन म्हणताना मी ढोबळमानाने २००० नंतरच्या कादंबऱ्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

पहिली शिफारस मिन जिन ली यांच्या 'पाचिन्को' या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीची. जपानमध्ये जाऊन राहिलेल्या एका कोरियन कुटुंबाच्या चार पिढ्यांची ही कहाणी १९१० पासून १९८९ पर्यंत पसरलेली आहे. पिढ्यान् पिढ्या एका देशात राहून, तिथे जन्मून, तिथली भाषा बोलूनही परकेच ठरवले जाणे म्हणजे काय, हे या कादंबरीत कोणी भाषण देऊन सांगत नाही. ते नोकरीच्या अर्जात, शाळेतल्या नावात, लग्नाच्या बोलणीत दिसत जाते. लेखिकेची भाषा अगदी सरळ आहे, त्यामुळे इंग्रजीची फारशी सवय नसलेल्या वाचकालाही ती अवघड जाणार नाही. ती तुटक वाचली तर मात्र फसते. एखादे माणूस दोनशे पाने आपल्यासोबत असते आणि मग एका वाक्यात जग सोडून जाते. त्या वाक्याचा धक्का बसायचा तर ते माणूस कालपरवाच आपल्याशी बोलून गेले आहे, असे वाटत असायला हवे. वाचताना एका कागदावर वंशावळ लिहून ती वाचनखूण म्हणून वापरावी, एवढीच सूचना मी करीन.

दुसरी कादंबरी एमोर टोल्स यांची 'अ जंटलमन इन मॉस्को' (२०१६). १९२२ साली एका उमरावाला बोल्शेविक न्यायासनापुढे उभे केले जाते आणि आयुष्यभर मॉस्कोच्या मेट्रोपोल हॉटेलातच राहण्याची शिक्षा होते. बाहेर पाऊल टाकले तर मृत्यू. पुढची तीन दशके तो त्या एका इमारतीत काढतो. ऐकताना वाटते की यात घडणार तरी काय? पण या कादंबरीची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. आरंभीची प्रकरणे शिक्षेनंतरच्या पहिल्या दिवसाची, मग काही दिवसांची, आठवड्यांची, महिन्यांची अशी साधारण दुपटीने लांबत जातात, मध्यावर वर्षेच्या वर्षे ओलांडली जातात आणि शेवटाकडे येताना तोच हिशेब उलटा होऊन काळ पुन्हा दिवसांवर येतो. कोंडलेल्या माणसाला पहिले दिवस लांब वाटतात, मग वर्षे कशी गेली ते कळत नाही, हा अनुभव लेखकाने प्रकरणांच्या मापातच बसवला आहे. सुट्टीच्या दिवसांचेही असेच होते, म्हणून ही कादंबरी मला सुट्टीशी विशेष जुळणारी वाटते. तिच्यावर एक आक्षेप मला मान्य आहे: त्या काळातील क्रौर्य हॉटेलच्या भिंतींबाहेर बरेचसे अडून राहते आणि नायकाचे सौजन्य कधी कधी जरा जास्तच गोड होते. तरीही वाचनाचा निर्भेळ आनंद देणारी अलीकडची कादंबरी कोणती असे विचारले, तर माझ्या तोंडी आधी हेच नाव येते.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची, गीतांजली श्री यांची 'रेत समाधि'. मूळ हिंदी कादंबरी २०१८ ची आहे, आणि डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. हिंदीतून अनुवादित झालेल्या कादंबरीला हा मान प्रथमच मिळाला. मराठी वाचकाने ती मूळ हिंदीतूनच वाचावी असे मी आवर्जून म्हणेन. ऐंशी वर्षांची एक विधवा आई घरातल्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि पहिली शे-सव्वाशे पाने कादंबरी तिच्या उठण्याची वाट पाहते. याच टप्प्यावर अनेकजण पुस्तक मिटून ठेवतात. मीही एकदा ठेवले होते, कारण कामाच्या दिवसांत रोज रात्री सात-आठ पाने वाचत होते आणि आई काही उठेना. सुट्टीत पुन्हा हाती घेतली तेव्हा ते पडून राहणे मला त्या घरासारखेच सोसता आले. दारे, साड्या, कावळे, काठी यांच्याकडे लक्ष गेले, शब्दांचे खेळ कानात वाजू लागले, आणि आई उठते तेव्हा खरोखर काहीतरी घडल्यासारखे वाटले. तिचे पुढचे सीमेपर्यंतचे आणि सीमेपलीकडचे चालणे मी येथे सांगत नाही.

मराठीत या मापाची कादंबरी म्हणजे अर्थातच भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०). पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला खंडेराव, त्याचे कुटुंब आणि त्याच्या मनात एकमेकांवर साचलेले काळाचे थर असा तिचा विस्तार आहे. हिच्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत आणि ते असावेत. पण ज्यांनी तिची पन्नास पाने वाचून मत बनवले आहे, त्यांनी एकदा तिला आठ दिवस सलग द्यावेत. तिच्यात गोष्ट एका रेषेत पुढे जात नाही, उत्खननासारखी खाली जाते, आणि रोज थोडे थोडे खणून पुन्हा खड्डा बुजू दिला तर हाती काहीच लागत नाही.

ज्यांची सुट्टी दोनच दिवसांची आहे त्यांनी समांथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' घ्यावी. २०२४ चे बुकर मिळालेली ही कादंबरी दीडशेहून कमी पानांची आहे. अंतराळस्थानकातील सहा माणसांचा एक दिवस, त्या दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. एका दिवसाची कादंबरी एका दिवसात वाचावी, असा प्रयोग मी केला आणि तो फार सुंदर झाला.

आपल्या अनुभवातल्या कादंबऱ्या येथे जरूर सांगाव्यात. केवळ नाव न देता ती कोणत्या प्रकारच्या सुट्टीत वाचली आणि कशी लागली, हेही लिहिले तर निवड करणाऱ्याला उपयोग होईल.

अर्धविराम

लेख मनापासून आवडला, तरी त्यातील मुख्य मुद्द्याशी माझा मतभेद नोंदवतो. सुट्टी सलग असते हे सर्वांच्या बाबतीत खरे नाही. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत किंवा आजारी माणसाची शुश्रूषा चालू आहे, त्यांची सुट्टी कामाच्या दिवसांपेक्षा अधिक तुटक असते. दुसरे असे की दिवस सलग मिळाले तरी मन सलग मिळेलच असे नाही. दोन वर्षांपूर्वी, कामाचा मोठा ताण संपल्यावर मिळालेल्या आठवड्यात मी हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' वाचायला घेतली. पाने थोडी, तीनच भाग, लेखिका जगभर नावाजलेली. पुढे २०२४ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. एका बाईने मांस खाणे सोडले एवढ्यावरून सुरू झालेली ती गोष्ट तिचा नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण अशा तिघांच्या नजरेतून पुढे जाते आणि दर भागात अधिक काळी होत जाते. कादंबरी श्रेष्ठ आहे याबद्दल शंका नाही. पण मी त्या आठवड्यात नीट झोपलो नाही, आणि घरच्यांशी बोलतानाही माझे मन त्या बाईपाशीच होते. थकलेल्या माणसाने काय वाचू नये, हेही अशा धाग्यात सांगितले गेले पाहिजे.

त्याऐवजी मी काझुओ इशिगुरो यांची 'क्लारा अँड द सन' (२०२१) सुचवेन. मुलांना सोबत म्हणून विकत मिळणारी एक यंत्रमैत्रीण ही कथा सांगते. ती सूर्यप्रकाशावर चालते, म्हणून सूर्य हा सर्वांना शक्ती देणारा दयाळू कोणीतरी आहे असे तिला वाटते, आणि ज्या आजारी मुलीकडे ती येते तिलाही सूर्यच बरे करील अशी श्रद्धा ती बाळगते. वाक्ये छोटी, स्वच्छ आणि शांत आहेत. मध्येच उठावे लागले तरी धागा तुटत नाही, कारण क्लारा स्वतःच जग तुकड्यातुकड्यांनी पाहून जुळवत असते. दुःख या कादंबरीतही आहे, पण ते वाचकाच्या अंगावर येत नाही.

पानोपानी

आपला आक्षेप रास्त आहे. सुट्टी म्हणजे सलग वेळ हे लिहिताना मी माझ्या सध्याच्या परिस्थितीवरून बोलले; मुलगा लहान असताना मला हे वाक्य सुचलेही नसते. मात्र आपल्या प्रतिसादावरून एक भेद मला अधिक स्पष्ट झाला. अवघड कादंबरी आणि जड कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रेत समाधि' अवघड आहे, तिला लक्ष द्यावे लागते, पण वाचून मन मोकळे होते. 'द व्हेजिटेरियन' वाचायला मुळीच अवघड नाही, दोन बैठकांत संपते, आणि छातीवर दगड ठेवून जाते. सुट्टीच्या याद्या करणारे पृष्ठसंख्या मोजतात, हा भेद मोजत नाहीत, आणि म्हणून 'छोटी आहे, घेऊन जा' असा सल्ला देतात. थकलेल्या माणसाने अवघड कादंबरी कदाचित पेलवून घ्यावी, जड मात्र पुढे ढकलावी, असे मी आता म्हणेन.

वेळ तुटक असणाऱ्यांसाठी आणखी दोन नावे सुचवते. विवेक शानभाग यांची मूळ कन्नड 'घाचर घोचर' शंभर-सव्वाशे पानांची आहे. चणचणीतून एकाएकी सुबत्तेत आलेले एक एकत्र कुटुंब, मसाल्याचा धंदा, आणि पैसा आल्यावर घरातल्या माणसांच्या स्वभावाला हळूहळू पडत गेलेली गाठ. शीर्षकातला शब्द कुठल्याही कोशात नाही. तो एका घरात खेळता खेळता तयार झालेला, न सुटणाऱ्या गुंत्यासाठीचा शब्द आहे. शेवट वाचून मी पुन्हा पहिल्या पानाकडे गेले, कारण निवेदकाने न सांगितलेली गोष्ट पहिल्यापासून समोरच होती. दुसरी सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६). घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते. पहिला भाग भावाच्या तोंडून आणि दुसरा बहिणीच्या लेखनातून येतो. तेच घर, तेच दिवस, आणि दोघांनाही एकमेकांचे काहीच माहीत नाही. तिचे सरळ दोन भाग असल्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी वाचली तरी बिघडत नाही. किंबहुना मध्ये एक रात्र जाऊ द्यावीच.

खूणचिठ्ठी

धाग्यात बाहेरच्या कादंबऱ्यांची गर्दी झाली आहे, म्हणून मराठीचे पारडे थोडे जड करतो. नंदा खरे यांची 'उद्या' ही गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त त्रास देणारी आणि सर्वांत जास्त वेळा आठवणारी मराठी कादंबरी आहे. सतत पाळत ठेवणारी व्यवस्था, कंपन्यांच्या हाती गेलेले जगणे, स्त्रियांची घटलेली संख्या हे सगळे तिच्यात भविष्य म्हणून येते, पण ते परके वाटत नाही. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला. धागाकर्तीच्या नव्या व्याख्येप्रमाणे ही अवघडही आहे आणि जडही आहे. तरीही ती सुट्टीतच वाचावी असे मी म्हणतो, कारण तिच्यात अनेक सूत्रे समांतर चालतात आणि ती एकमेकांना कोठे स्पर्श करतात हे पाहण्यासाठी सगळी एकाच वेळी डोक्यात असावी लागतात.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठले, माणसे नव्या जागी गेली, आणि एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी त्या सोडलेल्या मुलखात परत जातो, एवढेच तिचे कथानक. विस्थापनावर मराठीत याआधीही मोठे लेखन झाले आहे, आणि त्यात मोर्चे, कार्यालये, नुकसानभरपाई यांना स्वाभाविकच मोठी जागा आहे. येथे मात्र एक माणूस, एक जनावर आणि रान समोरासमोर उभे आहेत, आणि गावाची सगळी वेदना त्या झटापटीत उतरली आहे. बोलीभाषेमुळे पहिली वीस-पंचवीस पाने सावकाश जातात. त्यावर उपाय म्हणजे ती मोठ्याने वाचणे. कानाला जे चटकन कळते ते डोळ्यांना उशिरा कळते, हा माझा बोलीतील कादंबऱ्यांबाबतचा नेहमीचा अनुभव आहे.

तिसरे नाव कविता महाजन यांच्या 'ब्र' (२००५) या कादंबरीचे. संस्थेच्या कामासाठी फिरणारी प्रफुल्ला गावोगावच्या महिला सरपंचांना भेटत जाते, आणि प्रत्येक भेटीत सत्तेची खुर्ची आणि त्या खुर्चीवरच्या बाईची वास्तविक स्थिती यांतील अंतर उघडे होते. हिची रचना प्रवासासारखी असल्यामुळे प्रवासात वाचायला ती फार चांगली आहे. एक भेट संपली की पुस्तक मिटता येते, आणि पुढच्या भेटीपर्यंत आधीची बाई मनातून जात नाही.

निवांत दुपार

हंगामी वाचनाचा विचार करताना मी कादंबरीतील हवामान पाहते. ही सवय कोणाला बालिश वाटेल, पण तिने मला फार चांगले वाचन मिळवून दिले आहे. अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड' (२००४) मी भर पावसाच्या आठवड्यात वाचली. सुंदरबनात नदीच्या डॉल्फिनांचा अभ्यास करायला आलेली पिया, तिची भाषा न जाणणारा पण पाणी जाणणारा कोळी फोकिर, आणि अनेक भाषा येणारा पण पाण्यापुढे निरुपयोगी ठरणारा कनाई, अशी तीन माणसे. कादंबरीचे दोन भागही ओहोटी आणि भरती असेच आहेत. बाहेर पाऊस कोसळत असताना तिच्यातील वादळाचे प्रकरण वाचणे हा अनुभव मी शब्दांत मांडू शकत नाही. मात्र भरतीची वेळ, खाडीची रुंदी, चिखलाचा रंग हे तपशील ओलांडून पुढे पळू नये, कारण शेवटी जगणे-मरणे याच तपशिलांवर ठरते.

थंडीच्या दिवसांसाठी क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) सुचवते. आयर्लंडमधील एका गावात १९८५ च्या नाताळच्या आधीचे दिवस, कोळसा पोहोचवणारा पाच मुलींचा बाप, आणि मठातील कोळशाच्या कोठारात त्याला जे दिसते ते. गावातील प्रत्येकाला ठाऊक असलेली आणि कोणीही न उच्चारलेली गोष्ट त्याच्यासमोर उभी राहते आणि त्याला ठरवावे लागते. सव्वाशेहून कमी पाने आहेत, एका संध्याकाळी वाचून होते. ती थांबते त्या जागी खरे तर त्याच्या आयुष्यातील अवघड भाग सुरू होणार असतो, आणि लेखिकेने नेमके तेथेच थांबणे मला फार धैर्याचे वाटले. आयर्लंडमधील मठांच्या ज्या धुलाईगृहांत मुली-बायांना कोंडून राबवले जाई, त्यांपैकी शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले, हे समजल्यावर कादंबरीतील साल माझ्या मनात एकदम जवळ आले.

काहीजण नेमके उलट करतात आणि उन्हाच्या तडाख्यात बर्फाच्या कादंबऱ्या वाचतात. मी तसे दोनदा करून पाहिले. माझे लक्ष लागले नाही, पण ज्यांना जमते त्यांनी जरूर लिहावे.

सांजवाचन

माझे दोन प्रश्न आहेत. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिने आतापर्यंत चमत्कारांच्या आणि साहसाच्या मालिका भरपूर वाचल्या आहेत, पण 'मोठ्यांची' कादंबरी हाती दिली की ती दहा पानांत कंटाळते. तिला या सुट्टीत काय द्यावे? दुसरा प्रश्न माझ्या आईविषयी आहे. डोळ्यांच्या त्रासामुळे तिला आता छापील अक्षर वाचवत नाही. तिला रोज संध्याकाळी तासभर वाचून दाखवण्याचे मी ठरवले आहे. वाचून दाखवायला कोणती कादंबरी चांगली पडेल? श्राव्य पुस्तके तिला देऊन पाहिली, पण 'मध्येच थांबवून विचारता येत नाही' अशी तिची तक्रार आहे.

खूणचिठ्ठी

मुलीसाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) निःशंकपणे द्यावी. नववीतील मुलगा ती सांगतो, काळ आणीबाणीचा आहे, आणि वर्गातील मैत्री, चिडवाचिडवी, पहिले प्रेम आणि मोठ्यांच्या जगाचा धाक हे सर्व त्याच्या वयाच्या भाषेत येते. तिच्यावर आधारलेला चित्रपट तिने पाहिला असला तरी हरकत नाही, कारण कादंबरीतील मजा निवेदकाच्या बोलण्यात आहे. एक सांगावेसे वाटते: 'तुझ्या वयाचीच गोष्ट आहे' असे सांगून पुस्तक देऊ नये. त्या वयात आपल्या वयाची म्हणून दिलेली गोष्ट आधीच नावडती होते.

अर्धविराम

'शाळा'ला अनुमोदन. तिच्यानंतर 'क्लारा अँड द सन' द्यावी, कारण यंत्रमैत्रिणीमुळे तिच्या ओळखीच्या अद्भुत कथांमधून या कादंबरीत सहज प्रवेश होतो, आणि आत गेल्यावर प्रश्न मोठ्यांचेच आहेत. माझ्या भाच्याने ती तीन दिवसांत संपवली आणि मग मला विचारले की क्लाराचा सूर्यावरचा विश्वास चुकीचा होता की नाही. त्यावर आम्ही अजूनही एकमत झालेलो नाही.

पानोपानी

मुलीविषयी वरील दोन्ही उत्तरे मला पटतात. माझ्याकडून एवढीच भर, की सुट्टी सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने पहिली तीस पाने वाचून ठेवावीत. मी स्वतःही हेच करते. नव्या कादंबरीतील माणसांची तोंडओळख कामाच्या दिवसांत उरकून घेतली की सुट्टीचा पहिला दिवस 'लागत नाहीये' या चडफडीत जात नाही, आणि तीस पानांत अजिबातच सूर जुळला नाही तर ती सोडून दुसरी निवडायला वेळ उरतो.

आईंना वाचून दाखवण्याचा बेत फार चांगला आहे, आणि त्यांची तक्रार ही खऱ्या वाचकाची तक्रार आहे. माझ्या सासूबाईंना मी दोन वर्षे असे वाचून दाखवत होते, त्यावरून काही सांगते. मोठ्याने वाचताना तासाला वीस-पंचवीस पानांपेक्षा जास्त होत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांत तीनशे पाने झाली तरी पुष्कळ झाली. संवादाला संवाद लागून असलेल्या आणि प्रत्येक ओळीत 'तो म्हणाला, ती म्हणाली' नसलेल्या कादंबऱ्या ऐकताना गोंधळ होतो; कोण बोलतो आहे हे डोळ्यांना परिच्छेदावरून कळते, कानाला कळत नाही. फार पात्रे असलेली 'पाचिन्को' म्हणूनच येथे अडचणीची ठरेल, शिवाय ती जागच्या जागी मराठी करून सांगावी लागेल.

आईंना हिंदी समजत असेल तर मी 'रेत समाधि'च सुचवेन. ती कादंबरी कानासाठीच लिहिल्यासारखी आहे. तिच्यात शब्द एकमेकांना हाका मारतात, वाक्ये कधी एका शब्दाची तर कधी पानभर लांबीची असतात, आणि एक ऐंशी वर्षांची बाई इतरांच्या अपेक्षा झुगारून उठते, ही गोष्ट आईंच्या वयाच्या श्रोत्याला आपल्यापेक्षा वेगळी कळते. सासूबाईंना मी तिची सुरुवात वाचून दाखवत होते तेव्हा मला वाटत होते की त्या या न उठणाऱ्या बाईला कंटाळतील. चौथ्या संध्याकाळी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "तिला उठवायची घाई तुम्हा सगळ्यांनाच आहे, पडू दे की तिला थोडे." त्यानंतर ती पाने मी अधिक सावकाश वाचू लागले. तुम्हीही पहिल्या भागात घाई करू नका, आणि आईंनी मध्येच थांबवून काही विचारले तर पुस्तक बाजूला ठेवून त्यांचे पूर्ण ऐकून घ्या. त्या दिवशी चारच पाने झाली तरी चालतील.